देवळातली रविवारची झोप

भाऊजी, येत्या रविवारी तुमचं काम मला करायचंय आणि त्यात एकच अडचण आहे. मला झोप येते.

तुम्हाला हे नव्याने सांगायला नको. गेली दोन-तीन वर्षं दर रविवारी दुपारची जेवणं झाली की भैरवनाथाच्या सभामंडपात तुम्ही गाद्या घातल्यात, स्पीकरचे बॉक्स मांडलेत, गाव आडवं केलंत, आणि त्या गावात सगळ्यांत आधी माझे डोळे मिटले. "वहिनी, तुमी लाइट गेल्यासारक्या जाता," असं तुम्ही म्हणायचात. आता तुम्हीच गेलात आणि मागे हे सगळं सामान ठेवून गेलात. तुमचे दादा म्हणतात, विकून टाकू. उरवड्याचा एक मंडपवाला येऊन बॉक्स वाजवून बघून गेलाय. तुमची सामानाची खोली मोकळी झाली की तिथे मोरी काढायची आणि भाडेकरू ठेवायचा, असं त्यांच्या मनात आहे. मी म्हटलं, एक रविवार थांबा, मी चालवून बघते. ते माझ्याकडे बघून हसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच हसले, म्हणून मी रागावले नाही. पण मग त्यांनी अट घातली: "शेवटपतुर जागी राहिलीस तर ठिवू. मदीच झोपलीस, तर सोमवारी त्याचा टेम्पो येतोय."

दादांना खरं तर विकायचं नाहीये, हे मला कळतं. त्यांना ती खोली बघवत नाही. पहाटेच उठून बसतात, गोठ्यापर्यंत जातात, तुमच्या दाराला कुलूप आहे ना ते बघतात आणि परत येतात. दुपारी आडवे होतात तेही आढ्याकडे बघत. त्यांचा डोळा लागत नाही, आणि मला मात्र रविवारी डोळा उघडा ठेवायचाय. आमच्या घरात कुठलीही गोष्ट ज्याला हवी त्याच्या वाट्याला येत नाही, हे तुम्हीच म्हणायचात.

माणसं भेटायला आली ती सगळी एकच बोलली. झोपेत गेले, किती सुंदर मरण, कुणाला त्रास नाही. मी मान डोलवत राहिले, पण आतून मला राग येत होता. साऱ्या गावाला झोपवून स्वतः जागं बसायचं काम ज्याने अंगावर घेतलं, त्यालाच झोपेत न्यायचं ही कुठली थट्टा. शिवाय आपला वाद अर्धाच राहिला. तो वाद गावाला माहीत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. तुमचं म्हणणं, झोपलेल्यालाच खरं ऐकू येतं. माझं म्हणणं, झोपलेल्याला काहीसुद्धा ऐकू येत नाही, आणि पुरावा म्हणून मी स्वतः हजर आहे. एवढे रविवार आले, पण तुमच्या कार्यक्रमाचा शेवट मी एकदाही ऐकला नाही. मीच काय, गावातल्या कुणीच ऐकला नाही. शेवटी काय वाजवता ते सांगा, असं किती वेळा विचारलं. तुम्ही हसायचात आणि वायरी गुंडाळायला लागायचात.

लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा तुम्ही शाळकरी होतात. चिंचेच्या झाडावर चढून तुम्ही दोन कर्णे बांधले होते आणि खाली उतरल्यावर मला पहिलं वाक्य बोललात ते, "वहिनी, आवाज पौडापतुर गेला आसंल ना?" पौड माझं माहेर. मला पोचवायला आलेली माणसं घरी जाऊन टेकली तरी इकडचा आवाज त्यांना ऐकू यावा, अशी तुमची इच्छा होती. मी नवी नवरी, मान खाली घालून उभी, आणि मला हसू आवरेना. सासूबाईंनी चिमटा काढला तो अजून आठवतो.

पुढे कर्ण्यांचे बॉक्स झाले, बॉक्सची भिंत झाली, आणि बबन साऊंडवाला म्हटलं की चांदे-नांद्यापासून पिरंगुटापर्यंत लोक कानावर हात ठेवायला लागले. तुम्ही घरामागे मशीन तपासायला लागलात की माझ्या मांडणीवरच्या ताटल्या सरकत सरकत कडेला यायच्या. मी चांद्याच्या शाळेत बाई. वरात शाळेवरून जायची तेव्हा मुलं पाढे म्हणत आहेत हे त्यांच्या ओठांवरून ओळखावं लागायचं. घरी आल्यावर मी तुम्हाला बोलायची आणि तुम्ही म्हणायचात, "वहिनी, लोकांना छातीत आवाज लागतोय. कानानं कोण ऐकतंय हल्ली?" आपण भांडायचो आणि मग तुम्ही भांड्यातलं उरलेलं सगळं कालवण संपवायचात.

आणि मग धरणाच्या बाजूच्या त्या बंगल्यावरचं काम आलं. पुण्याची काही मंडळी तिथे जमणार होती. तुमच्याकडून त्यांनी नेमके सगळ्यात लहान बॉक्स मागितले, भिंत नको म्हणाले. तुम्ही चिडून गेलात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आलात ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच बसलात. मला वाटलं, तब्येत बिघडली.

"वहिनी, नवल बघून आलो," तुम्ही म्हणालात. "लोकं गाद्यांवर निजवली. अन् त्येंनी पाण्याचा, पाल्याचा, कसला कसला आवाज लावला. बारीक. लोकं निजली. पार घोरायला लागली. मला वाटलं, आता पैसं कापणार. तर उठल्याव सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"कुणासाठी?" मी विचारलं.

"त्येच तर. झोपल्याबद्दल."

दोन दिवस तुम्ही तेच बोलत होतात. आमच्या वरातीत माणूस झोपला तर ती आपली बदनामी, आणि ह्यांच्याकडे तीच कला. असला कार्यक्रम आपण गावात करू शकतो, असं तिसऱ्या दिवशी तुम्ही जाहीर केलंत. दादा म्हणाले, "बबन्या, गाव आधीच झोपलंय." पण तुमचा हट्ट कुणाला मोडता आलाय.

त्या वर्षी मी रिटायर झाले होते आणि माझी झोप उडाली होती. शाळेची घंटा नाही, मुलं नाहीत, पहाटे डबा भरायचा नाही. अंथरुणावर पडायचं आणि सगळ्या जगाची काळजी करायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या घेतल्या की दिवसभर डोकं जड. तुम्हाला हे ठाऊक होतं, कारण चहाला साखर दोनदा पडायला लागली होती. तुम्ही ते सगळं माझ्यासाठी केलंत का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही काहीतरी वेडंवाकडं बोलून पळाला असतात. तरी विचारायला हवं होतं, असं आता वाटतं.

मग तुमची फिरस्ती सुरू झाली. काठीच्या टोकाला केसाळ टोपी घातलेला माइक, आणि तुम्ही तो घेऊन गावभर. पोरं विचारायची, काका, हे मांजर कशाला बांधलंय. तुम्ही म्हैस रवंथ करताना तिच्या तोंडाशी बसलात. धनगरांची मेंढरं ओढ्याच्या वाटेने चालली तर त्यांच्यामागे चालत गेलात. गिरणीचा पट्टा बंद केल्यावर जात्याचा दगड हळू होत होत थांबतो, तो आवाज तुम्हाला हवा होता. गिरणीवाल्याने तुमच्यासाठी ती इतक्यांदा चालू-बंद केली की बायका पिठाचे डबे घेऊन तुमच्या नावाने बोटं मोडत उभ्या होत्या. चांद्याच्या बाजूला टॉवरचं काम चाललेलं, तिथलं सिमेंट कालवायचं मशीन तुम्ही एवढं मन लावून ऐकत होतात की वॉचमनने तुम्हाला चोर समजून बसवून ठेवलं. सोडवायला मी आले, आठवतं ना.

आपल्या वरच्या खोलीतला मुन्ना पुट्टीचं काम करतो. रोज संध्याकाळी जिन्यात बसून तो गावी आईला फोन लावतो. तुम्ही त्याच्यापुढे मांजर धरलंत तर तो लाजला. "भैया, घर पे बात कर रहा हूँ. इसमें सुनने का क्या है?"

"तू बोल ना रे," तुम्ही म्हणालात. "शब्द नहीं सुनने का. चाल सुनने का."

तुमच्या हिंदीवर मी आयुष्यभर हसले, पण ते वाक्य मात्र मला लगेच कळलं. शब्द काढून टाकले तरी माणूस आईशी बोलतोय हे ऐकू येतंच की.

पहिल्या रविवारची फजिती मी कुणाला सांगायला लागले की अजून हसू येतं. सभामंडपाच्या मधोमध तुम्ही एक खांब उभा केलात, त्याला बॉक्स बांधले आणि भोवती गोल गाद्या घातल्या. सगळ्यांची डोकी खांबाकडे, पाय बाहेर. बंगल्यावर तसंच होतं म्हणे. गाव जेवून आलं. पारूआत्या सगळ्यांत पुढे. त्या आल्या, गोलाकडे बघितलं आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बबन्या, ह्या हिकडच्यांचं पाय देवाकडं चाललं. अन् ह्या तिकडच्यांची डोकी उत्तरंला. उत्तरंला डोकं करून कोण निजतं रं? मेलेलं माणूस."

"आत्या, आवाज गोल फिरतोय. त्याला दिशा न्हाई."

"आवाजाला नसंल. मला हाय."

संपलं. पारूआत्यांनी स्वतःची गादी उचलली, दक्षिणेला डोकं केलं, आणि बघता बघता सगळं गाव त्यांच्या शेजारी ओळीने आडवं झालं. तुमचा गोल मोडला. खांब एकटाच राहिला आणि सगळ्यांचे पाय उत्तरेला. तुम्ही काय करणार, खांबावरचे बॉक्स सोडवलेत आणि लोकांच्या पायांशी मांडलेत. आवाज पायांकडून येऊ लागला. पुढे पुण्याची ती मंडळी बघायला आली तेव्हा तुम्ही छाती पुढे काढून त्यांना सांगितलंत की झोप पायांकडून वर चढते, म्हणून मुद्दाम असं मांडलंय. मी मागे उभी होते. मी काही बोलले नाही, ह्याची नोंद असू द्या.

पण त्या दिवशी खरी गंमत पुढेच झाली. तुम्ही आवाज सुरू केलात आणि गावातलं एकही माणूस झोपेना. बबनने एवढा घाट घातलाय, त्याच्या कार्यक्रमात झोपणं बरं दिसेल का, अशी सगळ्यांना काळजी. माणसं आडवी पडून डोळे ताणून आढ्याकडे बघत होती. एखाद्याची पापणी मिटली की शेजारचा त्याला कोपर मारायचा. तुमचा मान राखायला गाव जिवाच्या आकांताने जागं राहिलं आणि मशीनपाशी बसलेल्या तुमचा चेहरा उतरत गेला. हे मला नंतर लोकांनी सांगितलं. मी झोपले होते. कित्येक महिन्यांनी गोळीशिवाय झोपले होते आणि घोरतही होते म्हणे. दादांना लाज वाटून त्यांनी मला हलवलं तर तुम्ही तिकडून ओरडलात, "दादा, हात लावायचा न्हाई. कार्यक्रम त्यांनीच ऐकलाय."

आपला वाद त्या वाक्यापासूनचा.

पुढच्या रविवारी पारूआत्या झोपल्या. मग काय, त्या झोपल्या म्हणजे परवानगीच मिळाली. कुणीतरी कुरकूर केली की देवळात दिवसाढवळ्या झोपणं शोभत नाही, तर आत्याच म्हणाल्या, कीर्तनात झोपता तवा शोभतं व्हय? मग आपल्या भाड्याच्या खोल्यांतली आयटीवाली पोरं उशा घेऊन यायला लागली. धनगरवाड्यावरची माणसं घोंगडी घेऊन यायची आणि आपल्याच मेंढरांच्या आवाजात झोपायची. एकाने तर उठल्यावर तक्रार केली की त्यात एक मेंढी लंगडतेय, आधी तिच्याकडे बघा.

मला त्यातलं काय आठवतं ते सांगते, म्हणजे माझ्यावर सगळं झोपून काढल्याचा आळ नको. आधी गिरणी हळू व्हायची. मग म्हैस. तिचं ते चावणं चालू असताना माझे पाय जड व्हायचे. मग सिमेंटचं मशीन लांबून फिरायला लागायचं आणि तिथून माझं काही खरं नसायचं. मला वाटायचं मी वर्गात हजेरी घेतेय, एकेकाचं नाव पुकारतेय आणि म्हैस हजर म्हणतेय. हे बरोबर नाही, हे कळायचं. पण दुरुस्त करायचा कंटाळा यायचा. मुन्ना आईशी बोलायला लागला की ते मला माझ्याशीच चाललंय असं वाटायचं आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडायची. ते उघडं तोंड तसंच राहायचं. पुढे काही नाही. एकदम तुमचा हात, चहाचा कप आणि, "वहिनी, झालं. उठा."

जागं राहायचे मी कमी प्रयत्न केले नाहीत. लवंग दाढेखाली धरली. भात न खाता आले. एकदा तर बसूनच राहिले, तर बसल्या बसल्या खांबाला टेकून झोपले. तुम्ही म्हणायचात, जागं राहा, शेवट कळंल. मी म्हणायचे, तुम्ही सरळ सांगा की. मागच्या दिवाळीनंतर तुम्हाला कुठलंसं लग्न होतं तेव्हा तुम्ही मला मशीन शिकवलंत. हे बटण, ही सरकती दांडी खाली, ही वर. "अन् सगळं वाजून गप झालं की ही शेवटची दांडी हळूहळू वर न्यायची. घाई केली तर शिट्टी मारतंय." त्यातून काय वाजतं, मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "ऱ्हावा की जागं." मग ते लग्नच पुढे गेलं आणि माझी परीक्षा टळली.

तेव्हा भाऊजी, उद्या ती परीक्षा आहे. मला दोन गोष्टी हव्यात. सामान राहायला हवं, आणि शेवट ऐकायला हवा. झोपले तर दोन्ही जातील. मुन्नाने आत्ता बॉक्स देवळात नेऊन ठेवलेत. शाळा तपासणीला साहेब येणार असल्यासारखी मी बटणं आणि दांड्या पाठ करतेय. आज इतकंच लिहिते.

आज सोमवार.

काल मी अर्ध्या भाकरीवर उठले. भाताला हात लावला नाही. आमच्या आंबेमोहोराच्या वासानेही मला पेंग येते. देवळात गेले तर गाव आधीच आलेलं. तुम्ही गेल्यानंतरचा कार्यक्रमाचा पहिला रविवार म्हणून सगळे जरा हळू बोलत होते. मी तुमच्या खुर्चीवर बसले तर पारूआत्या म्हणाल्या, "बाई, तू बसणार व्हय? मग आमाला उठवायचं कुणी?" सगळे हसले आणि मलाही बरं वाटलं. दादा पहिल्या ओळीत येऊन पडले, हातांची घडी डोक्याखाली, डोळे माझ्यावर. माझ्यावर पहारा ठेवायला आले होते.

मी सुरू केलं. गिरणी हळू झाली, म्हैस चावायला लागली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माणसांना झोपताना बघितलं. आपण झोपलेली माणसं बघतो, पण झोपत असलेली कुठे बघतो? आधी पायांची बोटं हलायची थांबतात. मग कपाळ सैल होतं. पारूआत्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या आणि त्या कुणाच्या तरी तरण्या सूनबाईसारख्या दिसायला लागल्या. मुन्नाच्या हातातून फोन गळून गादीवर पडला, तिकडे बॉक्समध्ये तो आईशी बोलतच होता.

त्याच्या आधीच, सिमेंटचं मशीन आलं तशी, माझी मान गेली होती. खरंच गेली. वर्ग दिसायला लागला, हजेरीचा पट पुढे आला. मी स्वतःला जोरात चिमटा काढला, उठले, आणि अनवाणी गाद्यांच्या कडेकडेने एकोणीसचा पाढा म्हणत चालत राहिले. दादा अजून माझ्याकडे बघत होते. दोन ओळी फिरून परत आले तर त्यांचे डोळे मिटलेले. मी वाकून बघितलं. सोंग नव्हतं. तुम्ही गेल्यापासून त्या माणसाचा डोळा असा लागला नव्हता, भाऊजी. तिथे उभ्या उभ्या मला इतकं हलकं वाटलं की पाढा विसरले.

मग मेंढरं ओढ्यापलीकडे गेली आणि सगळं गप झालं. मी खुर्चीत बसले आणि शेवटच्या दांडीला बोट लावलं. घाई झालीच. एक बारीक शिट्टी निघाली, पारूआत्यांनी कूस बदलली, मी जीव मुठीत धरून दांडी खाली ओढली आणि परत, मुंगीच्या पावलाने, वर नेऊ लागले.

आधी वाटलं, पंखा असेल. मग वाटलं, मेंढरं परत आली. लांबून काहीतरी येत होतं आणि जात होतं. मग त्यात एक फू आलं, दात नसलेल्या तोंडातून येतं तसं, आणि मी वर बघितलं. तुळईला तुमचे दोन माइक लटकत होते. ते कीर्तनाचे म्हणून मी कधी त्यांच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. ते गावाच्या तोंडावर धरलेले होते. तुम्ही गावाचा श्वास वरून घेत होतात आणि त्यांच्याच पायांशी परत देत होतात. मुन्ना झोपेत त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटला, ते क्षणभराने बॉक्समधून आलं. धनगरवाड्यावरच्या एका म्हाताऱ्याचा घसा खरखरला. आयटीचं एक पोर झोपेत हसलं. आणि ह्या सगळ्यांखालून तुमच्या दादांचं घोरणं सुरू झालं, थंडीत जुनी स्कूटर सुरू होत नाही तसं आधी अडखळत आणि मग एकदा लागल्यावर थांबायचं नाव नाही.

हा तुमचा शेवट. दर रविवारी तुम्ही एकटे इथे बसून आम्हाला ऐकत होतात.

वाद मी अजून सोडलेला नाही. झोपलेल्याला काहीही ऐकू येत नाही, हे माझं म्हणणं कायम आहे. पण झोपलेला ऐकू येतो, हे मला माहीत नव्हतं, तेवढं मान्य करते. एवढे रविवार माझं घोरणं तुम्ही बॉक्समधून देवाला ऐकवलंत, ते मात्र मी माफ करणार नाही. आणि ह्या सगळ्यात मी तुमचा आवाज शोधला. म्हैस होती, मेंढी होती, गिरणी होती, गाव होतं. तुम्ही कुठेच नव्हतात. जो जागा बसलाय त्याचा श्वास तिथे कसा येणार. तेव्हा मला रडू आलं. तेराव्यालाही आलं नव्हतं इतकं आलं, आणि मी ते पदर तोंडात धरून रडले, कारण वर माइक चालू होते.

डोळे पुसून मी लोकांना उठवलं. चहा दिला. दादांना सगळ्यांत शेवटी उठवलं. ते उठून बसले, गालावरची लाळ पुसली आणि आधी माझ्याकडे संशयाने बघितलं.

"झोपली न्हाईस?"

"नाही."

"खोटं बोलतीस."

"तुम्ही सिमेंटच्या मशीननंतर झोपलात. पारूआत्यांनी एकदा कूस बदलली. मुन्नाचा फोन तुमच्या पायापाशी पडलाय, बघा."

त्यांनी बघितला. मग हळूच विचारलं, "मी लई घोरलो का?"

"लई."

"मंग कोपर का न्हाई मारलंस? घरी तर मारतीस."

"ऐकत होते," मी म्हटलं. "भाऊजी पण दर रविवारी हेच ऐकायचे. शेवटी हेच असतं." आणि मी वर तुळईकडे बोट दाखवलं.

दादांनी माइक बघितले. मग बॉक्स बघितले. मला वाटलं, आता ते रडतील. पण ते उठले, आपली गादी स्वतः गुंडाळली, ती भिंतीला लावली, आणि देवळाच्या पायरीवर जाऊन उरवड्याच्या त्या मंडपवाल्याला फोन लावला. फोनवर ते नेहमीच ओरडून बोलतात, त्यामुळे मला आतपर्यंत ऐकू आलं.

"न्हाई, टेम्पो नका पाठवू. न्हाई द्यायचं. सामान वापरात हाय."